पाण्याची पाळी आणि माझी पेटी

७ जानेवारी १९७३

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. आमच्या कॉलेजात आलेला कॉम्प्युटर कोणी चालू केला असं उद्या कोणी विचारलं, तर लेखी पुरावा असलेला बरा. विमलला तसं म्हणालो. ती म्हणाली, आधी चालू तर होऊ द्या. बायकांना इतिहासाची जाणीव कमी असते.

कॉम्प्युटर परवा ट्रकने आला. मुंबईच्या एका गिरणीने तो टाकून दिला आणि आप्पासाहेबांनी उचलला. आप्पासाहेब म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन, कालवा समितीचे अध्यक्ष आणि आमच्या कॉलेजचे संस्थापक. माल चार लोखंडी कपाटांचा. तीन कपाटं फिजिक्सच्या प्रयोगशाळेत लागली. चौथं कपाट आकडे साठवून ठेवण्याचं. ते काचेच्या दाराचं आणि फार देखणं, म्हणून आप्पासाहेबांच्या बंगल्यावर उतरवलं गेलं. आतली यंत्रं काढून भंगारात दिली. वहिनीसाहेब आता त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवतात. मी पाहून आलो. बरण्या शोभून दिसतात.

आप्पासाहेब मला म्हणाले, "सर, तुमी फिजिक्सचे ना? मग यंत्र तुमचं." मी द्वितीय श्रेणीतला एमएस्सी. त्या क्षणी मात्र आपली श्रेणी वाढल्यासारखं वाटलं.

१४ जानेवारी

यंत्र चालतं. दिवे लागतात, विजेचा टाइपरायटर खडखडतो. एक अडचण आहे. हे यंत्र आकडे निकेलच्या तारेतून फिरवत ठेवतं आणि वीज गेली की सगळे आकडे हवेत विरतात. मग पुढच्या पाटीवरची बटणं एकेक खालीवर करत पहिल्यापासून सगळं पुन्हा भरायचं. आज सकाळपासून वीज वारंवार गेली. बेरजेचं एक साधं गणितसुद्धा शेवटापर्यंत पोचलं नाही.

आकडे साठवायची सोय चौथ्या कपाटात होती हे खरं. ते परत मागावं असा विचार मनात आला होता. पण आतली यंत्रं भंगारात गेली, आणि बरण्या भरलेल्या आहेत.

१९ जानेवारी

युक्ती सुचली, आणि ती माझी स्वतःची आहे. कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. यंत्राचा प्रत्येक आकडा शेवटी एक आणि शून्य यांचाच बनलेला असतो. एक असेल तर उंच सूर, शून्य असेल तर खालचा सूर. ते सूर फितीवर भरायचे. वीज गेली आणि आली की फीत वाजवायची, म्हणजे यंत्र ऐकेल आणि आकडे पुन्हा आपल्या पोटात घेईल. मधे एक पेटी हवी. जाताना आकड्यांचे सूर करणारी, येताना सुरांचे आकडे करणारी. ती पेटी मी बांधणार.

मी आजवर कधी हातात सोल्डरिंग आयर्न धरलेलं नाही, पण ट्रान्झिस्टर हा विषय पाच वर्षं शिकवतो आहे. शिकवण्यापेक्षा बांधणं अवघड असण्याचं काही कारण नाही.

२८ जानेवारी

काल एसटीने नगरला जाऊन आलो. मच्छिंद्र रेडिओवाल्याने जुन्या रेडिओतून काढलेले ट्रान्झिस्टर नवे म्हणून दिले. मी त्यांना घासून पाहिलं, तेव्हा तो म्हणाला की परदेशी माल असाच दिसतो. वायर फक्त लाल रंगाची होती. सगळीच वायर लाल घेतली, दिसायला एकसारखी राहील.

आज पहिली जोडणी केली. ट्रान्झिस्टरचे तीन पाय असतात आणि त्यांतला कोणता कुठला, हे पुस्तकात वरून पाहून दाखवलेलं असतं की खालून, एवढाच काय तो गोंधळ झाला. सगळे मेले. बल्ब जातो तेव्हा निदान फट् तरी होतं. हे काहीच बोलत नाहीत. डाव्या अंगठ्यावर कथलाचा थेंब पडला. विमलने खोबरेल लावलं आणि आज शेवग्याची भाजी आहे एवढंच सांगितलं.

४ फेब्रुवारी

आज आप्पासाहेबांनी कॉम्प्युटरला काम नेमून दिलं आणि माझ्या आयुष्याला दिशा.

धरणात पाणी किती कमी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाटाला एकदाच पाणी सुटेल, असं इंजिनियर म्हणतात. पाटातून फुटणाऱ्या आमच्या चारीवर नऊ गावं. पहिलं थोरलं पिंपरं, हे आप्पासाहेबांचं, तिथे ऊस. शेवटचं निंबवाडी, टेलला. तिथे मोसंबीच्या बागा. आधी कोणी पाणी घ्यायचं यावरून समितीच्या बैठकीत चपला निघाल्या. तेव्हा आप्पासाहेब उठून म्हणाले की माणूस म्हटला की त्याला गाव आला, जात आली, सोयरा आला. यंत्राला यातलं काही नाही. तेव्हा पाळी यंत्र ठरवील आणि ती ते स्वतः मानतील. टाळ्या झाल्या. नियमही ठरला: ज्या गावाला पाणी मिळून सगळ्यांत जास्त दिवस झाले, त्याला आधी.

निंबवाडी हे विमलचं माहेर. मी ते मनातून काढून टाकलं आहे.

११ फेब्रुवारी

सहादेव येऊन गेला. विमलचा धाकटा भाऊ, निंबवाडीची बाग तोच पाहतो. विहिरीला आता घागर बुडण्याइतकंच पाणी आहे, ते बैलगाडीवरच्या पिंपातून झाडांना घालतो. ही झाडं त्याच्या वडिलांनी लावलेली. पानं वळून नळीसारखी झाली आहेत, असं तो म्हणत होता. एक पाळी मिळाली तर झाडं जगतील, पुढच्या सालाला फळ नाही आलं तरी चालेल.

मला पेटीबद्दल त्याने काही विचारलं नाही, तेव्हा मीच सगळं समजावून सांगितलं. चहा थंड होईपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी दाजी, त्या पेटीला आमची बाग ठावं न्हाई." मी म्हणालो, हेच तर तिचं वैशिष्ट्य. तो बराच वेळ पेटीकडे बघत बसला. त्याला विषय आवडला असावा.

२५ फेब्रुवारी

पेटी नव्याने बांधली, तिसऱ्यांदा. सगळी वायर लाल असल्याने कोणती कुठे जाते ते कळत नव्हतं. विमलने तिच्या शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे काढून वायरींना बांधले. कल्पना तशी माझ्याही मनात येणार होती.

आज पहिल्यांदाच फितीवरून वाचन झालं. टाइपरायटरने शून्यं छापायला सुरुवात केली आणि कागद संपेपर्यंत थांबला नाही. तपास करता असं निघालं की मी फीत चुकीची लावली होती. ती वर्धापनदिनाच्या भाषणाची होती. म्हणजे यंत्राने आप्पासाहेबांचं सहकारावरचं संपूर्ण भाषण लक्षपूर्वक ऐकलं आणि त्यातून त्याला शून्याखेरीज काही मिळालं नाही. खालचे सूर पकडणारा भाग जास्त संवेदनशील आहे, तो कमी करावा लागेल. प्राचार्य कागद पाहून खूप हसले. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

५ मार्च

दोष सापडला. आमच्याच विजेच्या फिडरवर पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की विजेचा दाब पडतो, टेपरेकॉर्डर मंदावतो, फितीवरचे सगळे सूर खाली येतात आणि एकाचं शून्य होतं. गिरणी बंद असताना वाचन अगदी चोख. मी प्राचार्यांमार्फत विनंती केली आणि आप्पासाहेबांनी गिरणी बंद ठेवायचा हुकूम दिला. रेशनचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, दळायला आलेल्या बायका आज परत गेल्या म्हणे. विज्ञानासाठी समाजाने थोडी झळ सोसायला हवी.

आमच्याकडे भात होता.

१२ मार्च

कालवा खात्याकडून नऊ गावांचे आकडे आले. कोणाला शेवटचं पाणी कधी मिळालं, ते. विमल वाचत होती, मी बटणं खालीवर करत भरत होतो. निंबवाडीच्या आकड्याला ती थांबली. शेवटचं पाणी गेल्या पावसाळ्याच्या आधीचं होतं. पिंपऱ्याला परवापरवा मिळालं होतं.

ती म्हणाली, "अहो, चुकून इकडचं तिकडे होऊ देऊ नका. बाकी मी काही मागत नाही."

मी बटणांवरचा हात काढला आणि तिला चांगलं सुनावलं. माहेरचा म्हणून एका आकड्यालाही मी धक्का लावणार नाही. वैज्ञानिकाला सासुरवाडी नसते. तू माझ्याकडून असली अपेक्षाच कशी केलीस. ती म्हणाली की तिने जसं आहे तसंच भरा म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, मुद्दा तो नाही. तिने पुढचे आकडे वाचले. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, धुळीमुळे असेल.

१८ मार्च

यशस्वी. आकडे फितीवर भरले, मुख्य बटण बंद केलं, यंत्राची स्मृती कोरी केली, पुन्हा चालू केलं, फीत वाजवली. पेटीतून बेडकासारखा आवाज येत राहिला आणि सगळे आकडे जसेच्या तसे परत. मी प्रयोगशाळेत एकटाच होतो. टाळी वाजवली, तिचा आवाज रिकाम्या खोलीत जरा विचित्र आला. पाळी लावायचं गणित मुद्दामच चालवून पाहिलं नाही. निकाल सर्वांसमोर प्रथम निघावा, असं आप्पासाहेबांना वाटतं.

२५ मार्च

आप्पासाहेबांनी बंगल्यावर बोलावून स्वतःच्या हाताने चहा दिला. कॉलेजला उपप्राचार्य नेमायचा विचार आहे, असं सहज बोलले. मग म्हणाले, "यंत्र काय सांगंल ते सांगंल, सर. पर समद्यांचं समाधान झालं पायजे. पिंपऱ्यात ऊस उभा हाय, कारखाना हाय, तुमचं कॉलेज त्याच्यावर हाय." मी म्हणालो, यंत्र निष्पक्ष आहे. ते म्हणाले, "त्येच म्हनतो मी. यंत्र निष्पक्ष हाय, आन तुमी हुशार हाय."

इतक्या मोठ्या माणसाने इतकं मोकळेपणाने कौतुक केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

३१ मार्च

सविस्तर लिहितो, कारण हा दिवस इतिहासात जायचा आहे.

प्रयोगशाळेत नऊ गावांची माणसं, खिडक्यांतही डोकी. फळ्यावर गावांची नावं आणि क्रमांक लिहिले होते, पिंपरं एक, निंबवाडी नऊ. निंबवाडीहून सहादेव आणि माझ्या सासूबाई लंकाबाई आल्या होत्या. विमल दाराशी उभी होती. गिरणी बंद. आप्पासाहेबांनी नारळ फोडला. पाणी टेपरेकॉर्डरवर उडालं, ते मी रुमालाने पुसलं.

मी यंत्र बंद करून चालू केलं, म्हणजे स्मृती कोरी आहे हे लोकांना दिसलं. फीत वाजवली. पेटीने एकही आकडा गाळला नाही. मग बटण दाबलं. टाइपरायटरने पहिला आकडा छापला: नऊ. मग सात, मग आठ, आणि असं करत सगळ्यांत शेवटी एक.

 मग मागून कोणीतरी फळ्याकडे बोट करून म्हणालं की नऊ म्हणजे निंबवाडी. सहादेवने टोपी काढून पुन्हा घातली. आप्पासाहेबांनी कागद उचलला, सावकाश वाचला आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "सर, ह्ये उलटं तर न्हाई छापलं?"

एखाद्या प्रश्नाने डोक्यात लख्ख प्रकाश पडतो तसं झालं. नारळाच्या गडबडीत फितीची रिळं अदलाबदल झाली असणार. फीत शेवटाकडून वाचली गेली असेल तर क्रमही उलटा लागणारच. मी पुढे होऊन सर्वांना हे तांत्रिक कारण सोप्या भाषेत सांगितलं आणि यंत्राच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. कागद खालून वर वाचावा, असं सुचवलं. कारकुनाने तसं उतरवून घेतलं. एक, मग बाकीची, शेवटी नऊ.

सासूबाई जागेवरूनच म्हणाल्या, "जावयबापू, पानी कुनाला कवा मिळालं ह्ये आमाला बी ठावं हाय. कागद बराबर हाय तुमचा."

मी त्यांना समजावलं की यात भावनेचा प्रश्न नाही. त्या पदर सावरून उठल्या. सहादेव त्यांच्या मागे गेला. मग आप्पासाहेबांनी मला शाल दिली. शाल चांगली आहे, लोकरीची. मार्च संपत आल्याने वापरता येणार नाही.

१ एप्रिल

पहाटे जाग आली तेव्हा एक शंका मनात होती. फीत उलटी फिरली असती, तर सूर उलट्या क्रमाने आले असते आणि आकडेच मोडले असते. नवाचा नऊ निघाला नसता. पण यावर आत्ता विचार करायला वेळ नाही, परीक्षा आल्या आहेत.

विमलने जेवण वाढलं. मीठ कमी आहे म्हणालो, तेव्हा मिठाचा अख्खा डबा समोर आणून ठेवला.

१६ एप्रिल

उपप्राचार्य झालो. खुर्चीला हात आहेत.

पाटाला पाणी सुटलं. पिंपऱ्याचा ऊस भिजला, मग खालच्या दोन गावांना मिळालं. विमल आईकडे गेली आहे. आईला बरं नाही, असं तिने सांगितलं. गेली त्या दिवशी लंकाबाई बाजारात कडबा घेताना दिसल्या होत्या, ठणठणीत. तेव्हा प्रकृती अचानक बिघडली असणार. तिची ट्रंक गेल्याने खोलीत जागा झाली, तिथे आता पेटीचं टेबल मावतं.

२९ एप्रिल

धरणातलं पाणी तळाला गेलं म्हणून पाट बंद झाला. सहाव्या गावापर्यंतही पाणी गेलं नाही. विमलचं पत्र नाही. खानावळीतल्या भाजीत खडा होता.

५ मे

आज आनंदाची गोष्ट. परीक्षा संपल्या, म्हणून पेटी पुन्हा जोडून बसलो. रिळांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, कोणतं डावं आणि कोणतं उजवं. फीत सरळ लावली. निकाल: नऊ, सात, आठ, आणि शेवटी एक. मग मुद्दाम उलटी लावून पाहिली, तर टाइपरायटरने नुसता कचरा छापला. पुन्हा सरळ लावली, पुन्हा नऊ पहिला. दिवसभर हेच केलं. एकदाही चूक नाही.

म्हणजे त्या दिवशी पेटीत दोष नव्हता. माझी पेटी पहिल्याच जाहीर प्रयोगात अचूक चालली होती. महिनाभर मी उगाच स्वतःच्या कामाबद्दल शंका घेऊन बसलो.

तडक बंगल्यावर गेलो आणि आप्पासाहेबांना सांगितलं. ते पान लावत होते. म्हणाले, "आस्सं का. बरं झालं, आता यंत्राला चांगली कापडाची खोळ शिवून घ्या. धूळ बसती." नोंद दुरुस्त करून घ्यावी का, असं मी विचारलं. त्यांनी चुना लावता लावता माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीच म्हणालो, तशी घाई नाही. वैज्ञानिकाला सत्य कळलं की पुरे.

६ मे

ज्यांना या बातमीचा खरा आनंद होईल अशी माणसं निंबवाडीत आहेत, म्हणून सकाळी सायकल काढली. उन्हात बराच वेळ लागला. पाटाच्या कडेने गेलो. पाट कोरडा, तळाला पडलेल्या भेगांत शेळ्या काहीतरी शोधत होत्या.

सहादेव बागेत होता. झाडं तशीच ओळीने उभी, पण पानं नाहीत, आणि निम्मी जमिनीवर. तो कुऱ्हाडीने एकेक पाडत होता. सासूबाई फांद्यांच्या मोळ्या बांधत होत्या. आजारी वाटल्या नाहीत. विमल त्यांना दोरी देत होती. तिने मला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्या समोर ठेवला, हातात दिला नाही.

मी सहादेवला सगळं सांगितलं. रिळं बदललीच नव्हती, पेटी बरोबर होती, यंत्रही बरोबर होतं. मी काल दिवसभर तपासलं. निंबवाडीचा नंबर खरोखरच पहिला होता, यात आता कसलीही शंका उरलेली नाही.

त्याने कुऱ्हाड खाली टेकवली आणि घाम पुसला. मला वाटलं काही विचारील. तांत्रिक उत्तरं मी तयार ठेवली होती. तो म्हणाला, "बरं झालं दाजी, येऊन सांगितलं. ती फांदी धरा जरा त्या अंगाला."

मी धरली. त्याने घाव घातला. मग दुसरी, मग तिसरी. मोसंबीला इतके काटे असतात हे मला ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत एक ओळ झाली.  मी मधे एकदा म्हणालो की पावसाळ्यानंतर पेटीत सुधारणा करून वाचन दुप्पट वेगाने करता येईल. विमलने मोळीची गाठ आवळली.

निघताना मी तिला विचारलं, घरी कधी येतेस. ती म्हणाली, लाकडं पोचवायला सहादेव गाडी जुंपणार आहे, तुमच्याकडेही एक गाडी टाकायला सांगते, न्हाणीच्या बंबाला होतील. वाळलेलं लाकूड आहे, चांगलं पेटेल. तू कधी येतेस, असं मी पुन्हा विचारलं. ती मोळी उचलून पुढे गेली होती.

हाताला काटे बरेच बोचले आहेत. दोन बोटं सुजली. आज सोल्डरिंग होणार नाही.